परक्या बाईचे दात

पेशंटने दातांच्या डॉक्टरकडे जायचं असतं, डॉक्टरने पेशंटकडे नाही, असा आमच्या धंद्याचा अलिखित नियम. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या माझ्या दवाखान्यात मी तो वर्षानुवर्षं इमानेइतबारे पाळला. मग साठी उलटली, दवाखाना एका तरुण डॉक्टर मुलीच्या हवाली केला, चाकांची एक बॅग विकत घेतली आणि उलटा धंदा सुरू केला. आता मी पेशंटच्या घरी जाते. नवऱ्याची बँकेतली बदली तीन वर्षांची होती आणि आम्ही कलकत्त्यात राहिलो ते राहिलोच, त्यामुळे माझ्या आयुष्यात ठरल्याप्रमाणे काही होत नाही याची मला सवय आहे. पण एक सांगते, इतकी मजा मला दवाखान्यात कधी आली नव्हती.

बॅगेत काय असतं? कपाळाला बांधायचा दिवा, थुंकी ओढून घेणारं लहानसं यंत्र, आरसे, चिमटे, तोंडाचं माप घ्यायची पावडर, कवळी दुरुस्त करायचं ॲक्रिलिक, ती घासायचं मशीन, आणि पेशंटच्या मानेखाली घालायला दोन टॉवेल. एवढ्या सामानावर निम्मा दवाखाना पलंगाशेजारी उभा राहतो. उरलेला निम्मा माझ्या कंबरेवर, कारण वाकून मीच काम करायचं असतं.

हे काम का लागतं ते सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं रक्त घ्यायला घरी माणूस येतो, केस कापायला न्हावी येतो, पायांना व्यायाम द्यायला कुणी येतं. दात दुखला तर मात्र त्याला खुर्चीसकट उचलून दवाखान्यात न्यावं लागतं, आणि आमचे दवाखाने नेमके वरच्या मजल्यावर. मग घरातले म्हणतात, या वयात दात कशाला हवेत, खिचडी द्या पातळ करून. वृद्धाश्रमात अंघोळ, नखं, केस, औषधं सगळं कुणाच्या ना कुणाच्या कामात लिहिलेलं असतं. तोंड कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं. याचा मला राग येतो, आणि तो लपवायचं वय आता राहिलेलं नाही.

या धंद्यात पडायला एक टॅक्सी कारणीभूत झाली. शहराच्या मध्यावर, एस्प्लनेडला एका मैत्रिणीच्या दवाखान्यात मी सहज गेले होते. लिफ्ट बंद होती. खाली टॅक्सीत एक थकलेले वकीलसाहेब बसून होते. गुडघे जिना चढू देत नव्हते, आणि एक दात नुसता लोंबकळत होता, जीभ लागली तरी कळ मस्तकात जायची. मुलगा वर येऊन विचारत होता, आता काय करायचं? मी म्हटलं, चला, मीच खाली येते. मैत्रिणीचे चिमटे घेऊन टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसले, बधिर करायचं औषध लावलं, ड्रायव्हरला मोबाइलचा दिवा धरायला सांगितला. तेवढ्यात ट्रॅफिकचा सार्जंट काचेवर टकटक करत आला. इथे गाडी उभी करता येणार नाही म्हणाला. मी म्हटलं, दात काढतेय, थांबा जरा. त्याने आत डोकावून पाहिलं, चेहरा कसनुसा केला आणि मागच्या बसला हात करून थांबवलं. दात निघाला. वकीलसाहेब तोंडात कापूस धरून म्हणाले, "जन्मभर कोर्टात तोंड चालवलं, शेवटी निकाल रस्त्यावर लागला." मी घरी आले तेव्हा माझे हात उत्साहाने नुसते शिवशिवत होते.

मग पेशंट मिळत गेले, आणि नमुनेदार मिळाले. बेहाल्यातच घोषबाबू म्हणून एक होते. अर्धांगवायूने अंथरुणावर, आणि तोंड म्हणून उघडायचे नाहीत. फक्त फुटबॉलची मॅच लागली की उघडायचे, रेफरीला शिव्या द्यायला. मी त्यांचे दात मॅच बघून साफ केले. त्यांचा संघ हरत असला की माझं काम भराभर उरकायचं, जिंकायला लागला की ते समाधानाने ओठ मिटून घ्यायचे. त्यांच्या संघाचा पराभव मी मनापासून चिंतला आहे.

पण आज लिहायला बसले ती वत्सलाताईंसाठी.

वत्सलाताईंचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. निवृत्तीनंतर दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला, सॉल्ट लेकमध्येच राहिली. यजमान गेले, मग यांना मेंदूचा झटका आला, विसर पडायला लागला, आणि मुलगा मंदार बंगळुरूला असल्यामुळे सॉल्ट लेकमधल्याच एका आश्रमात त्यांना ठेवलं. चांगली जागा आहे. सेनदी म्हणून बाई ती मायेने चालवतात. फक्त एक झालं, जन्मभर बोललेलं हिंदी आणि बंगाली वत्सलाताईंच्या डोक्यातून पुसलं गेलं. मराठी तेवढी राहिली, आणि ती तिथे कुणालाच येत नव्हती.

दुर्गापूजेच्या सप्तमीला सकाळी मंदारचा फोन आला. मराठी मंडळातली ओळख, मला मावशी म्हणतो.

"मावशी, आईला उद्या सकाळी नाकातून नळी घालणार आहेत. दोन आठवडे झाले, ती काही खातच नाही. वजन फार उतरलंय. मी संध्याकाळी पोचतोय. तोवर तुम्ही एकदा जाऊन तिच्याशी मराठीत बोलाल का? काय बिनसलंय ते तरी कळेल."

नळी वाईट असते असं मी म्हणणार नाही. काहींचा जीव तिनेच वाचतो. पण विसर पडलेल्या माणसाला नाकातली नळी सहन होत नाही. ते ती उपटून काढतात, आणि उपटू नये म्हणून मग त्यांचे हात पलंगाला बांधतात. असे बांधलेले हात मी पाहिले आहेत. वत्सलाताईंचे हात तसे बांधलेले मला बघायचे नव्हते. मी बॅग उचलली आणि निघाले.

आश्रमात शेफाली नावाची नवी आया होती. पूजेच्या आधी जुनी आया गावी गेली म्हणून आया पुरवणाऱ्या सेंटरने हिला पाठवलेलं. ती कळवळून म्हणाली, "दीदी, माशीमा किच्छु खाच्छेन ना." म्हणजे मावशी काहीच खात नाहीत. वत्सलाताई पलंगावर ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. गालांची हाडं वर आली होती.

"वत्सलाताई, मी दातांची डॉक्टर. आपल्याकडचीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ठणठणीत मराठीत म्हणाल्या, "मग ही मेली कवळी आधी बाहेर काढा. हे दात माझे नाहीत. परक्या बाईचे आहेत. रोज सांगतेय, कुणी ऐकत नाही. वर हसतात."

मी मंदारला फोन लावला. तो म्हणाला, "हो, मलाही फोनवर तेच सांगते. पण मावशी, ती खोलीसुद्धा आपली नाही म्हणते, पलंगसुद्धा आपला नाही म्हणते."

"मंदार, खोली आणि पलंग खरोखरच तिचे नाहीत," मी म्हटलं आणि हातमोजे चढवले.

कवळीचं कसं असतं, ती ज्याच्या तोंडाच्या मापाने केली त्याचीच. वरची कवळी टाळूला घट्ट चिकटते, खालची हिरडीच्या कण्यावर बसते. मी वत्सलाताईंच्या वरच्या कवळीवर एका बाजूने बोट दाबलं तर दुसरी बाजू उचलली गेली, एक पाय आखूड असलेल्या पाटासारखी. खालची काढली तर हिरडीवर लालभडक जखम. घास चावला की नेमका तिथे दाब पडत असणार. खाणार कशा? मला एकदम स्फुरण चढलं. बाई भ्रमात नव्हत्या. या घरात सगळ्यात खरं बोलणारी व्यक्ती तीच होती.

मी शेफालीला विचारलं, कवळ्या कोण धुतं? ती अभिमानाने म्हणाली, मीच. संध्याकाळी सगळ्यांच्या गोळा करायची, एका मोठ्या गामल्यात, म्हणजे पसरट टबात टाकायची, ब्रशने लख्ख घासायची आणि मग ज्याची त्याला द्यायची. ज्याची त्याला हे कसं ओळखायचीस? तिचा हात तोंडावर गेला. आजवर तिने घरोघरी एकेक म्हातारं माणूस सांभाळलं होतं. एका घरात एक माणूस, एक कवळी, त्यात चुकायला जागाच नव्हती. इथे आल्यावरही ती तितक्याच मनापासून धूत होती, फक्त तोंडं पुष्कळ होती.

मग मी जेवणघरात सगळ्यांची पंगतच बसवली. सेनदी नावं सांगत होत्या, मी एकेकाचं तोंड तपासत होते. दोन आजोबांची आपसात अदलाबदल झालेली निघाली. त्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, दोघंही कवळी फक्त फोटोपुरती घालत. बाकीच्यांचं सगळं जागच्या जागी. वत्सलाताईंचे दात मात्र कुणाच्याच तोंडात नव्हते.

"आणखी कुणी आहे?" मी विचारलं.

सेनदींनी कपाळाला हात लावला. रेणुकादी! शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पूजेसाठी त्यांना मुलाने काल बेहाल्याला घरी नेलं होतं. मी लगेच सुनेला फोन करून विचारलं, सासूबाई जेवतात ना नीट? ती म्हणाली, "खूप छान. इतकं छान कितीतरी वर्षांत जेवल्या नव्हत्या." मी फोन ठेवला, वत्सलाताईंच्या तोंडातली कवळी साफ करून डबीत भरली आणि पायात चपला सरकवल्या.

सप्तमीच्या दुपारी सॉल्ट लेकहून बेहाल्याला जाणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. एस्प्लनेडपर्यंत मेट्रोने आले ती दोन कुटुंबांच्या मध्ये चेंगरून. पुढे बस पुलावर ठाण मांडून बसली. चारी बाजूंनी ढाक, म्हणजे पूजेचे ढोल वाजतायत, लोक नवे कपडे घालून रस्त्यावरून नदीसारखे वाहतायत, आणि मी मांडीवर डबी धरून बसले आहे. शेजारच्या बाईने विचारलं, प्रसाद का? मी म्हटलं, तसंच काहीसं. शेवटी बस सोडली, माझेरहाटपर्यंत बॅग ओढत चालले आणि तिथून बेहाल्याची नवी मेट्रो पकडली.

रेणुकादी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. पांढरी तांबड्या काठाची साडी, ताठ पाठ. समोर गरम लुच्यांची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्यांची चळत आणि बटाट्याची भाजी. वत्सलाताईंच्या दातांनी त्या मजेत जेवत होत्या.

मी काय घडलं ते सांगितलं. सून आणि मुलगा ओशाळले. रेणुकादी अजिबात नाही.

"ही कवळी माझी नाही याला पुरावा काय?"

मी त्यांची खरी कवळी डबीतून काढून दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली. ओळख पटल्याचं डोळ्यांत दिसलं, तोंडाने कबूल करायला तयार नव्हत्या.

"ती वर्षानुवर्षं तोंडात खडखडत होती. नवी आया आली, तिने इतकी छान धुतली की बसायलाच लागली. मी सेनला सांगितलं होतं, या मुलीला कायम ठेव."

"रेणुकादी, पेपर बदलले गेलेत."

"मग मार्क माझे जास्त आलेत, डॉक्टर. मी परत का देऊ?"

खरं सांगायचं तर वादात त्यांचीच बाजू वरचढ होती. त्यांची जुनी कवळी झिजून सपाट झाली होती, दोन्ही जबडे मिटले की हनुवटी नाकाला भेटायला निघायची. वत्सलाताईंच्या कवळीचे दात उंच, त्यामुळे यांचा चेहरा भरलेला दिसत होता. बसायला जरा सैल होती, पण यांची जीभ खमकी, तिनेच ती धरून ठेवली होती. माझ्या धंद्यात हे असं होतं. पुस्तकाप्रमाणे केलेली कवळी लोक कपाटात ठेवतात आणि चुकीची मजेत वापरतात.

मग मी वाद सोडला आणि वत्सलाताईंचं सांगितलं. जखम सांगितली, उद्याची नळी सांगितली, हात बांधतात तेही सांगितलं. रेणुकादींनी लुची खाली ठेवली.

"ती मराठी बाई? व्हरांड्यात माझ्या शेजारी बसते. तिचं मला कळत नाही, माझं तिला कळत नाही, पण संध्याकाळी चहाचा कप मी घेतल्याशिवाय ती घेत नाही." त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "देते. पण उद्या अष्टमीची पुष्पांजली आहे. सगळी आळी मला ओळखते. त्या खडखडणाऱ्या कवळीने मी देवीसमोर मंत्र म्हणणार नाही, आणि बोळक्या तोंडाने तर नाहीच. मला अशीच कवळी हवी. आज."

कलकत्त्यात पूजेच्या दिवसांत कवळी बनवणारी एकही लॅब उघडी नसते. पण आमच्या विद्येत एक जुनी युक्ती आहे, आणि ती करायची संधी मिळाली म्हणून मी मनातल्या मनात टाळी वाजवली. सुनेला म्हटलं, झाकणाचा साबणाचा डबा आहे का? तिने न्हाणीघरातून दोन गुलाबी डबे आणले. मी मापाची पावडर पाण्यात कालवली, खालच्या भागात भरली, वरची कवळी त्यात अर्धी रुतवली, आणि झाकणात पुन्हा पावडर भरून वरून दाबलं. खालच्या कवळीसाठी दुसरा डबा. गोळा घट्ट झाल्यावर डबे उघडले, कवळ्या काढल्या, आत त्यांच्या आकाराची पोकळी तयार. त्या पोकळीत दाताच्या रंगाचं ॲक्रिलिक ओतलं, झाकणं लावून दोरीने आवळली. मुलाला म्हटलं, यावर बसू नका. तो खरोखर मागे सरकला.

ॲक्रिलिक कडक होईपर्यंत सारं घर साबणाच्या त्या डब्यांकडे टक लावून बसलं होतं. डबे उघडले तर आत जशीच्या तशी कवळी, फक्त हिरड्यांसकट पांढरीफेक. मी व्हरांड्यात बसून कडा घासल्या, आतून मऊ अस्तर भरलं आणि रेणुकादींच्या तोंडात बसवून त्यांना मिटायला सांगितलं. अस्तराने त्यांच्या हिरडीचा आकार घेतला. त्यांनी आरशात पाहिलं, एक संस्कृत श्लोक खणखणीत म्हणून बघितला आणि म्हणाल्या, "हिरड्या पांढऱ्या आहेत. पण माझ्या हिरड्या बघायची कुणाची हिंमत आहे?" पूजेनंतर नीट करून देईन असं मी सांगितलं, आणि तशी दिलीही.

दिवेलागणीला मी सॉल्ट लेकला परतले. मंदार आलेला होता. वत्सलाताईंच्या कवळीच्या आतल्या बाजूला मी मशीनने त्यांचं नाव कोरलं. आता कुठल्याही आश्रमात गेले की पहिलं काम मी हेच करते, आणि माझ्याबरोबर आलेली शेफाली मला नावं वाचून दाखवते. जखमेवर औषध लावलं, तिथे दाब येऊ नये म्हणून कवळी थोडी घासली आणि तोंडात बसवली. वत्सलाताईंनी जिभेने सगळीकडे चाचपून पाहिलं. "हां," एवढंच म्हणाल्या. मंदारने भाताचा घास पुढे केला आणि त्यांनी तोंड फिरवलं.

दात बरोबर होते, पण दोन आठवडे प्रत्येक घासाला कळ आली होती, आणि ती भीती कवळीबरोबर निघून जात नाही. शेफाली दाराआड डोळे पुसत होती. मंदारने ताट झाकून ठेवलं. मी सकाळी येते म्हणून निघाले, पण मनातून पार खचले होते.

अष्टमीला सकाळी मी पोचले तेव्हा डॉक्टर आधीच आले होते. भला माणूस, पूजेचा दिवस असून आला होता. नळीचं पाकीट टेबलावर होतं. मी सगळी हकिगत सांगून म्हटलं, एक जेवण द्या मला. ते म्हणाले, एक देतो, पण त्यांच्या अंगात ताकद उरलेली नाही, आधी जखम बघू दे. त्यांनी बोट आत घातलं. वत्सलाताईंनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि कचकन चावा घेतला.

डॉक्टर बोट झटकत मागे झाले. डॉक्टरांनी हातमोजा काढून बोट निरखलं. "ताकद आहे," ते म्हणाले. "आता माझ्या बोटापेक्षा बरं काहीतरी द्या."

शेफाली पळत गेली आणि मंडपातून आलेला भोग, म्हणजे देवीचा प्रसाद घेऊन आली. मऊ खिचडी, मिश्र भाजी आणि वांग्याचे तळलेले काप. वत्सलाताईंना आम्ही ताठ बसवलं. त्यांनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं. "काप केलेत," म्हणाल्या, आणि आपल्या हाताने एक तुकडा उचलून तोंडात घातला. एका बाजूने हळूच चावला. थांबल्या. कळ येते का याची वाट बघत होत्या, आणि आम्ही सगळेही. कळ आली नाही. मग दुसऱ्या बाजूने चावला, गिळला, आणि खिचडीत हात घातला. मला रडू फुटलं ते मी लपवलं नाही.

डॉक्टर शेजारी उभे राहून गिळणं नीट होतंय ना ते बघत होते. निम्मं ताट झाल्यावर वत्सलाताईंनी मान वर केली, त्यांना तसंच उभं पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मंदार, हे कधीचे उभे आहेत. त्यांनाही पान वाढ," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. त्यांनी नळीचं पाकीट बॅगेत टाकलं, हात धुतले आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून जेवायला बसले.